टुरीच्या ओठावरची लाली

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. लेकी-जावई येतात, पाहुणेरावळे येतात, दुपारपासून चौकात दंडार नाहीतर खडी गंमत उभी राहते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने मांडली जातात. उकडलेले शिंगाडे, जिलेबी, फुगे, प्लास्टिकच्या बंदुका. बायका-पोरींची सगळ्यांत जास्त गर्दी मणिहारी दुकानापुढे. बांगड्या, टिकल्या, क्लिपा यांच्या रांगेत आता एक नवी वस्तू असते: लहान मुलींचा मेकअप किट. गुलाबी प्लास्टिकची डबी, आत आठ-दहा रंगांच्या वड्या, एक इवलासा ब्रश, बोटभर लिपस्टिक आणि झाकणावर निळ्या डोळ्यांची बाहुली. सात-आठ वर्षांची टुरी त्या डबीसाठी अडून बसलेली प्रत्येक मंडईत दिसते. आई म्हणते, “एवढीशी तर हायेस, लिपस्टिक कायले पायजे तुले?” आजी म्हणते, “घेऊन दे ना वं, सनाचा दिवस हाये.” बाप पाकीट काढून मोकळा होतो, कारण मागून दंडारीचा ढोल सुरू झालेला असतो.

लहान मुलांनी मेकअप करावा का, हा प्रश्न आपण शहरातून आलेला मानतो. मोबाइलवरच्या रील्सनी पोरी बिघडवल्या, हे पालकसभेतले ठरलेले वाक्य झाले आहे. पण पोरांच्या तोंडाला रंग लावायला आपण मोबाइलच्या कितीतरी आधी सुरुवात केली, आणि तीही त्यांना न विचारता. बारशाच्या आधीच बाळाच्या डोळ्यांत काजळ जाते, गालावर, कपाळावर, तळपायावर तीट लागते, मानेखाली पावडरचा थर बसतो. चालता येऊ लागले की तान्हा पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत निघणारी ही पोरांची मिरवणूक नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. भंडारा, पवनी, तुमसर, मोहाडी, कुठेही जा, त्या दिवशी सजलेल्या नंदीइतकेच सजलेले पोरगे दिसते. कुणी कृष्ण, कुणी शेतकरी, कुणी सैनिक. घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात, चौकात वेशभूषेचे बक्षीस मिळते.

पुढे शाळा. ३ जानेवारीला वर्गातल्या अर्ध्या मुली सावित्रीबाई होऊन येतात, १९ फेब्रुवारीला अर्धे मुलगे शिवाजी महाराज. त्या पाच वर्षांच्या महाराजांना आयब्रो पेन्सिलने दाढी-मिशी काढलेली असते, कपाळावर गंध, गालांवर थोडी लाली, कारण त्याशिवाय फोटोत चेहरा उठत नाही. त्या दाढीला कुणी मेकअप म्हणत नाही. मुलाच्या तोंडावर चढलेला रंग म्हणजे वेशभूषा, तोच मुलीच्या ओठावर चढला की संस्कारांचा प्रश्न. वादाचे निम्मे बळ या दुटप्पीपणातून येते, आणि तेवढे बाजूला काढले की खरे बोलता येईल असे काही शिल्लक राहते.

जुने, साधे, नैसर्गिक ते सुरक्षित, आणि आजचे तेवढे घातक, अशी एक समजूत या चर्चेत नेहमी डोकावते. ती तपासायला दंडारीच्या रंगपेटीइतकी चांगली जागा नाही.

दंडार आणि खडी गंमत ही झाडीपट्टीची, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्याची लोकनाट्ये. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता, मंडईला अजून त्या सीमेची खबर नाही.) साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दंडारीवर लिहिले म्हणून निदान ती कागदावर आली. या खेळांत बाईचे काम पुरुषाने करायची रीत, आणि त्यासाठी मिसरूड न फुटलेले पोर मिळाले तर फारच उत्तम. आवाज कोवळा, चेहरा गुळगुळीत, रंग चांगला बसतो. ही रीत झाडीपुरती नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाटक कंपन्या अशीच पोरे शोधत फिरत. पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेले सौदागर गोरे १९२८ साली बालमोहन नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा दहा वर्षांचे होते. ती मंडळीच मुळात मुलांची. संध्याकाळ झाली की दहा-बारा वर्षांची पोरे आरशापुढे ओळीने बसून तोंडे रंगवून घेत, आणि प्रेक्षागृहातला कुणीही भला माणूस त्यावर हरकत घेत नसे.

लोकरंगभूमीच्या त्या जुन्या पेटीत काय असे? मुर्दाशिंग, सफेदा, शेंदूर, हिंगूळ, काजळ. मुर्दाशिंग खलून तोंडाला फासले की चेहरा कंदिलाच्या, गॅसबत्तीच्या उजेडातही फिकट पिवळा, उजळ दिसे. हे मुर्दाशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड, लाल. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. सफेदा जस्ताचा असेल तर ठीक, शिशाचा असेल तर पुन्हा विषच. रात्रभर घामात भिजलेला हा लेप पहाटे तेलाने पुसायचा, नाही पुसला तर तसाच झोपायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. त्या पोरांपैकी किती जणांची पोटे दुखत राहिली, किती जणांच्या हातांना कंप सुटला, याची नोंद करायला त्या काळी ना डॉक्टर होता ना तसा विचार.

जपानात अशी नोंद झाली. तिथल्या काबुकी नटांची पांढरीशुभ्र तोंडे शिशाच्या पावडरीने रंगत. १८८७ साली सम्राट मेइजींच्या समोर खेळ चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला. त्याला शिशाची बाधा झाली होती, आणि त्या प्रसंगापासून तिथे शिसे नसलेल्या पावडरीचा शोध सुरू झाला. पण नट मोठा माणूस होता. जपानी तान्ह्या बाळांना मेंदूज्वरासारखा एक आजार होई आणि त्याचे कारण कुणाला कळत नव्हते. १९२३ च्या सुमारास क्योटोच्या एका बालरोगतज्ज्ञाने ते शोधून काढले. बाळे आईच्या तोंडाला, मानेला, छातीला लागलेली पांढरी पावडर चाटत होती. पुढच्या दशकात तिथे शिशाच्या पावडरीवर बंदी आली. बाळाने स्वतः एकदाही मेकअप केला नव्हता. मुलाच्या मेकअपचा विचार करताना आईच्या पावडरीचा डबाही उघडून पाहावा लागतो, तो असा.

शिसे मुलांच्या बाबतीत अधिक क्रूर आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा वाटा मोठ्या माणसाच्या शरीरात मुरतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच नाही, हेही तीच सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता करावी इतके शिसे असल्याचा अंदाज दिला. त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. सगळे काही काजळातून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले, भांडी अशा अनेक वाटा आहेत. पण डोळ्यांत घालायचा सुरमा ही त्यांपैकी एक नक्की वाट, कारण पारंपरिक सुरमा ज्या चमकदार काळ्या दगडापासून कुटतात ते गॅलेना हे शिशाचेच खनिज. पोर डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते.

आपल्याकडचे घरचे काजळ वेगळे. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी धरलेली ताटली. भंडारा पितळी भांड्यांचे गाव असल्याने ती बहुतेक पितळेची. तिच्यावर धरलेली काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, शिशाशी तिचा संबंध नाही. तरी ती बाळाच्या डोळ्यांत घालू नका, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. अडचण बोटाची आहे. न धुतलेल्या बोटाने आणि नखाने डोळ्याला जंतुसंसर्ग होतो, बुबुळाला ओरखडा जातो, अश्रूंची बारीक नळी तुंबते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, हेही सांगून टाकावे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताईंनी पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते. त्या भेटींत सगळ्यांत अवघड काम आजीबाईंना काजळावरून वळवण्याचे. तळपायावर तीट लावा, डोळ्यांत नको, ही तडजोड पुष्कळ घरांत पटते. दृष्ट काढायला तळपाय पुरतो.

पावडरीचीही एक हकिकत आहे, थोडक्यात सांगतो. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचा मुलुंडच्या कारखान्यातला परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रशासनाचे आदेश रद्द ठरवले. कंपनीने टाल्कची पावडर विकणे २०२३ पासून जगभर थांबवले. न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने गेला तरी डॉक्टरांचे म्हणणे बदलत नाही: बाळाला पावडर लागतच नाही, आणि ती उडून श्वासात जाते. अंघोळीनंतर गळ्याखालचे अंग कोरडे पुसले की काम झाले.

आता पुन्हा मणिहारी दुकानातल्या गुलाबी डबीकडे. आपल्याकडे कायदा आहे आणि तो वाईट नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० चे. शिशाची आणि सोमलाची संयुगे रंगासाठी वापरायला मनाई आहे. वापरलेल्या रंगात शिसे अशुद्धी म्हणूनसुद्धा दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा जास्त चालत नाही, सोमल २ पेक्षा जास्त नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचे ती मुदत हवी. मंडईतल्या डबीवर बाहुली असते, यांतले बहुधा काहीच नसते. ती खेळणे म्हणून विकली जाते आणि तोंडाला लावली जाते. खेळण्यांनाही १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तेही या डब्यांवर शोधावे लागते. मोठ्या दुकानातली महागडी डबी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये. अमेरिकेत लहान मुलींमध्ये लोकप्रिय असलेल्या क्लेअर्स या दुकानसाखळीच्या आयशॅडो आणि पावडरीत ॲस्बेस्टॉस सापडल्याचे तिथल्या औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केले. ॲस्बेस्टॉस तिथे कुणी मुद्दाम घालत नाही. खाणीत टाल्क आणि ॲस्बेस्टॉस शेजारी सापडतात, आणि स्वस्तातले टाल्क तपासून घेतले जात नाही.

खाणीवरून आठवले. गालावर, पापणीवर चमचमणारा जो बारीक भुगा असतो तो पुष्कळदा अभ्रकाचा. झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून हे अभ्रक वेचणाऱ्या हातांत लहान मुलांचे हातही आहेत, हे वारंवार उघड झाले आणि त्यावर जगातल्या मोठ्या प्रसाधन कंपन्यांना २०१७ मध्ये एकत्र येऊन उपक्रम काढावा लागला. आठ वर्षांच्या एका पोरीच्या गालावर आठ वर्षांच्या दुसऱ्या पोरीची मजुरी चमकते, इतके म्हणून पुढे जातो. तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी पाहत वाढलेल्या माणसाला ढिगारा वेचणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

मंडईत काळ्या मेंदीचे कोनही मिळतात. मेंदी काळी नसते. काळा रंग बहुतेकदा केस काळे करायच्या रसायनाचा असतो आणि त्याने पोराच्या हाताला फोड आले तर त्या रसायनाची ॲलर्जी जन्मभर साथ करते. ते कोन घेऊच नयेत.

इथवरचा भाग पदार्थांचा होता, आणि पदार्थांचा प्रश्न सुटण्यासारखा असतो. शिसे नसलेला, परवाना असलेला, पाण्याने धुता येणारा रंग आणला, एका पोराचा स्पंज दुसऱ्याला लावला नाही, झोपण्याआधी खोबरेल तेलाने पुसून तोंड धुतले, तर वर्षातून दोनदा तोंड रंगवल्याने मुलाचे काही बिघडत नाही. मला काळजी आहे ती रंगाच्या छटेची.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने होतात, ज्यांना आपण गॅदरिंगच म्हणतो. भंडाऱ्यापासून नागपूर साठेक किलोमीटरवर. कपडे तिथून भाड्याने येतात, कधी मेकअपवालाही तिथलाच. वर्गखोलीत बाकावर तीस-चाळीस मुली ओळीने बसतात, एकच पॅनकेक, एकच ओला स्पंज, आणि पाहता पाहता सगळ्या मुली एका रंगाच्या होतात. तो रंग भंडाऱ्यातल्या कुणाचाच नसतो. धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्यांची, वैनगंगेत जाळे टाकणाऱ्या ढिवरांची, गोंड, हलबा, पोवार, कोहळी, बौद्ध, तेली, कुणबी घरांची ही मुले. सावळी, गव्हाळ, काळी, मधूनच एखादी गोरी. पॅनकेकची छटा मात्र एकच, गुलाबीकडे झुकणारी गोरी. चेहरा त्या रंगाचा आणि मान-हात स्वतःच्या रंगाचे, असे ते पोर स्टेजवर उभे राहते. सगळ्यांत काळ्या मुलीला दोन हात जास्त मारले जातात आणि ते मारताना कुणीतरी हसून काहीतरी बोलते. त्या मुलीला ते गॅदरिंग संपल्यावरही आठवत राहते. दिव्यांच्या उजेडात चेहरा दिसावा म्हणून रंग लावतो, हे कारण खरे आहे. पण त्यासाठी चेहऱ्याचा रंग बदलावा लागत नाही. कातडीच्या छटेचाच रंग आणि डोळे-ओठांच्या ठळक रेषा पुरतात. तीन-चार छटांच्या डब्या बाजारात मिळतात. आपण मागत नाही.

मग त्याच कार्यक्रमात ‘आदिवासी नृत्य’ येते. इथे उलट प्रकार: तीच पोरे, या वेळी तोंडाला काळा रंग, गालावर पांढरे ठिपके, कमरेला पाने, हातात भाला आणि तोंडाने अर्थहीन आरोळ्या. त्याच वर्गात गोंडाचे पोर बसलेले असते. त्याच्या आज्याने असा भाला कधी नाचवला नाही, त्याच्या गावात नाचतात तो नाच असा नाही, आणि त्याच्या आजीच्या कपाळावर, हातांवर जे गोंदण आहे त्यात पांढरे ठिपके नाहीत. त्या आजीला लहानपणीच सुयांनी गोंदले होते, काजळी जखमेत भरून. रडली असेल, पण तो तिच्या माणसांचा दागिना होता आणि मेल्यावरही सोबत येणार होता. शाळेने तिच्या नातवाच्या तोंडाला काळे फासून त्याचे टाळ्यांसाठी सोंग केले. लिपस्टिकवर चर्चा करणाऱ्या पालकसभेत मी यावर कुणी बोललेले ऐकले नाही.

आणि लावणी. सहा वर्षांच्या मुलीला नऊवारी, गडद लाल ओठ, आणि मोठ्या बाईचे नखरे शिकवून स्टेजवर सोडतात. बिचारी अर्थ न कळता पाठ केलेले करते. पहिल्या रांगेतले पाहुणे शिट्ट्या मारत नाहीत, पण त्यांचे हसू कोणत्या जातीचे आहे ते आईला कळते. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांना सूचना दिली होती की नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांकडून त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या मोठ्यांच्या हालचाली करवून घेऊ नका. वाहिन्यांना सूचना मिळाली, शाळांना नाही. लावणीशी माझे भांडण नाही, तिच्या कलावंत बायका मला थोर वाटतात. म्हणूनच ती सहा वर्षांच्या पोरीकडून करवून घेणे हा दोघींचा अपमान वाटतो.

व्यावसायिक रंगमंचावर निदान लिहिलेले नियम आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी सांगितले की बालकलाकाराने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला किमान पाचवा भाग त्याच्या नावे ठेवीत टाकायचा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२२ च्या मसुद्यात तर सहा वर्षांखालच्या मुलांना तीव्र प्रकाश आणि त्रासदायक किंवा दूषित सौंदर्यप्रसाधने यांपासून दूर ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख होता. झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके वडशाहून निघून भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव जातात. तिथे लहान मुलाची भूमिका असली तर हे नियम तिथेही लागू आहेत.

एवढे सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग सरळ बंदीच घाला. मी त्या बाजूला नाही, आणि याचे कारण जुने आहे. नटण्याची बंदी या मातीत काही लोकांवर शतकानुशतके होती. अमुक जातीच्या बाईने सोन्याचा दागिना घालायचा नाही, लुगडे अमुक इतक्याच लांबीचे नेसायचे, केस अमुक तऱ्हेनेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितले की जात ओळखू येईल असे जुने पेहराव, हातापायांतले ते जड कथला-चांदीचे दागिने टाकून द्या, लुगडी नीट नेसा, स्वच्छ राहा. पुढे १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक ते लढले आणि हरले, पण ती महाडची शिकवण इथल्या वस्त्यांनी सोडली नाही. आज १४ एप्रिलला मुलीला पांढराशुभ्र फ्रॉक, वेणीत रिबीन, कपाळाला छोटी टिकली आणि थोडी पावडर लावून मिरवणुकीत आणणाऱ्या आईला कुणी साधेपणाचे धडे देऊ नयेत. तिच्या आजीला जे नाकारले ते ती लेकीच्या अंगावर पाहते आहे. पोरगी नटली म्हणून नाक मुरडणारे पुष्कळदा तिच्या घराकडे पाहून नाक मुरडत असतात.

म्हणून मी रेघ दुसरीकडे ओढतो. पोरगी आईची लिपस्टिक चोरून आरशापुढे ओठांपासून हनुवटीपर्यंत फासते, मग भावालाही लावते, दोघे खिदळतात. हा खेळ आहे, भातुकलीइतका जुना. तोंड धुतले की संपला. तीच पोरगी काही वर्षांनी शाळेत जाण्याआधी म्हणते, “पावडर लावल्याबिगर मी नाय जात, मी काळी दिसतो.” हा खेळ नाही. कुणीतरी तिला सांगितले आहे की तिच्या तोंडात काहीतरी दुरुस्त करायचे आहे. त्या दिवशी पावडरचा डबा लपवून उपयोग नाही. ते सांगणारे कोण, ते शोधायला हवे. बहुतेक वेळा ते घरातच सापडते. मामी असते, आत्या असते, “रंगानं बापावर गेली” म्हणणारी आजी असते.

बाजार तर वाटच पाहत असतो. अफगाण स्नो १९१९ साली मुंबईत निघाली तेव्हापासून ‘स्नो-पावडर’ हा आपल्या बोलण्यातला जोडशब्द झाला. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सांगितले की काळ्या रंगाला अपयशाशी जोडणाऱ्या जाहिराती नकोत, आणि २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचे नाव ग्लो अँड लव्हली झाले. नाव बदलले, ट्यूब तीच आहे, आणि बारा वर्षांच्या मुलीचा हात तिच्याकडेच जातो. पण परवानाधारक ट्यूबपेक्षा वाईट माल बिनलेबलाच्या डबीत असतो. जानेवारी २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घराची बातमी आली. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना एकाच वेळी इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की तिघी स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या आणि तिच्यात पारा होता. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. १५ जणांत त्या आजाराचा दुर्मिळ प्रकार निघाला आणि त्यांतले १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. पारा कातडीतला काळा रंग बनण्याची क्रिया अडवतो म्हणून माणूस आठवड्यात उजळ दिसतो, आणि तोच पारा मूत्रपिंडात जाऊन बसतो. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत पारा दशलक्ष भागांत ७० आणि बाकी ठिकाणी अनवधानाने आलेला १ भाग, एवढाच चालतो. आठवड्यात गोरे करणाऱ्या क्रीमला हा नियम पाळून ते करता येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मुलीला मामाच्या लग्नासाठी पार्लरात नेऊन ब्लीच करणे हे याच माळेतले. दहा वर्षांच्या कातडीवर ब्लीच करण्याला माझ्याकडे कोणतेही समर्थन नाही.

बाहेरच्या देशांत काय चालले आहे? फ्रान्सच्या सिनेटने सप्टेंबर २०१३ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूने मत दिले. त्याआधी एका फॅशन मासिकाने दहा वर्षांच्या मुलीला पूर्ण वाढलेल्या बाईसारखे नटवून छापले होते आणि देश हादरला होता. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषध दुकानसाखळीने सुरकुत्यांवरची तीव्र क्रीम पंधरा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय न विकण्याचे ठरवले, कारण तिथे दहा वर्षांच्या मुली म्हातारपण रोखायला निघाल्या आहेत. हे ऐकून आपण हसतो. पण तिथे चिंता सुरकुत्यांची, इथे रंगाची. दोन्हीकडे मुलीला तिचा चेहरा पुरेसा नाही असेच शिकवले जाते.

येत्या डिसेंबरात तुमच्या शाळेत गॅदरिंगची तालीम सुरू होईल. त्याआधीच्या पालकसभेत मुलींच्या लिपस्टिकवर तास घालवण्यापेक्षा दोनच गोष्टी मागा. एक, रंगाच्या डब्यांवर परवाना क्रमांक आणि मुदत वाचूनच त्या आणाव्यात, आणि मुलांच्या रंगांना जुळतील अशा निदान चार छटा असाव्यात. ज्याला रंग नको त्याला तसेच स्टेजवर जाऊ द्यावे. दुसरी, कुणाच्याही तोंडाला काळे फासून आदिवासी करायचे नाही. वर्गात गोंडाचे पोर असेल तर त्याच्या आजीला बोलवा, नाच कसा असतो ते ती दाखवील. मेकअपवाला कुरकुर करील, कारण चार छटांना वेळ लागतो. त्याला तासभर आधी बोलवा.